आधी अवघड जागा पाहा

पियानोच्या क्लासला मूल घालताना पालक फी विचारतात, वार विचारतात आणि मग हमखास विचारतात, "'फ्यूर एलिझे' कधी वाजवायला लागेल?" बेथोव्हनची ही रचना खेळण्यांतून आणि मोबाइलच्या रिंगटोनमधून सगळ्यांच्या कानात बसली आहे. तिची पहिली ओळ एका बोटानंही काढता येते, त्यामुळे पुढचंही असंच सोपं असणार, असा समज होतो. मी पालकांसमोर नोटेशन ठेवते आणि पहिलं पान उलटून पुढचं पाहायला सांगते.

पहिल्या पानावर दोन्ही हातांनी काम वाटून घेतलेलं आहे. बहुतेक वेळ एकच हात चालतो आणि दुसरा विसावतो. मग एफ मेजरमधला भाग येतो. तिथे दोन्ही हात एकत्र धावू लागतात आणि लगेचच उजव्या हाताला सुरुवातीच्या दुप्पट वेगाच्या नोट्स येतात. पुढे डावा हात खालचा 'ए' एकसारखा वाजवत राहतो आणि वर उजव्या हाताला भरलेले कॉर्ड्स धरावे लागतात. मनगट आवळलेलं असेल तर ते इथे दुखायला लागतं. त्यानंतर ए मायनरचे आर्पेजिओ वर चढतात आणि काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्यांवरून क्रमानं खाली उतरत मूळ चालीवर यावं लागतं. हेन्ले ही जर्मन प्रकाशन संस्था पियानोच्या रचनांना १ ते ९ अशा काठिण्यपातळ्या देते. त्यात 'फ्यूर एलिझे' ४ वर, म्हणजे सोप्या गटाच्या बाहेर, मध्यम गटात आहे. ज्याला पहिली ओळ आली त्याला बाकीचा पीस येईलच असं नाही, हे एवढ्यावरून कळावं.

पीस आपल्या आवाक्यातला आहे की नाही, हे त्यातली सर्वात अवघड जागा ठरवते. सुरुवात, लांबी, वेग, नाव, कानाला तो किती साधा वाटतो, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. मला हे उशिरा आणि किंमत मोजून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ठाण्यात वाढले. घरात कोणी पाश्चात्त्य संगीत ऐकणारं नव्हतं. आधी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आला, माझा उत्साह टिकला म्हणून बाबांनी पुढे जुना अपराइट पियानो घेतला. शिकवायला सर घरी येत. पहिली दोन पुस्तकं नीट झाली, जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिनुएट झाला, आणि त्यानंतर सरांनी थेट 'मूनलाइट सोनाटा'ची पहिली मूव्हमेंट समोर ठेवली. क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता आणि कार्यक्रमात मोठी नावं लागत. आईबाबांनाही आनंदच झाला. मूनलाइट संथ आहे, म्हणजे जमेल, असं सगळ्यांनाच वाटलं.

ती संथ आहे हे खरं. पण सी शार्प मायनर म्हणजे चार शार्प. त्यात वाटेत बी शार्पसारखे सूर येतात, जे दिसतात एका ओळीवर आणि वाजवायचे असतात दुसऱ्याच नावाच्या पट्टीवर. उजव्या हाताच्या करंगळीनं वरची चाल गायची आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी खाली तीन-तीनच्या नोट्स दबक्या आवाजात फिरवत ठेवायच्या. मध्ये काही ठिकाणी एका हातात आठ सुरांहून रुंद अंतर पकडावं लागतं. आणि पेडल! सबंध मूव्हमेंटभर तारांवरचे डॅम्पर उचललेले ठेवा, अशी बेथोव्हनची सूचना आहे. त्याच्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरत असे. आजच्या पियानोवर ते शब्दशः पाळलं तर सूर एकमेकांत कालवले जातात. तेव्हा पेडल कुठे आणि किती बदलायचं, हे कानानं ठरवावं लागतं. तो कान तयार व्हायला वर्षं लागतात. माझे पाय तर नुकते पेडलपर्यंत पोचायला लागले होते.

मग पीस बसला कसा? नोटेशन वाचून नाही. सर एकेक बार वाजवून दाखवत, मी त्यांच्या बोटांकडे बघून तो पाठ करत असे. कोणत्या पट्टीनंतर कोणती, एवढंच डोक्यात. मधूनच थांबलं की तिथून पुढे सुरू करता येत नसे, पुन्हा पहिल्यापासून. रोजचा सगळा वेळ त्या एका पीसमध्ये जायचा. नवीन काही वाचायला घेतलं नाही, स्केल्स मागे पडल्या, मनगट दुखू लागलं. कार्यक्रमात मी निम्म्यावर अडकले, सुरुवातीपासून पुन्हा घेतलं आणि पुन्हा त्याच जागी अडकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहावीचं निमित्त झालं आणि पियानोवर कापड पडलं.

यात सरांचा हेतू वाईट नव्हता, घरच्यांचाही नव्हता. पण मोठा पीस म्हणजे मोठी प्रगती, हा हिशेब सगळ्यांनी मिळून केला होता आणि त्या वर्षात माझ्या पदरात काय पडलं, हे कोणी मोजलं नाही. एक अर्धा पीस आणि पियानोची धास्ती, एवढंच पडलं होतं.

नोकरीला लागल्यावर पुन्हा शिकावंसं वाटलं. वांद्र्याला एक वयस्क गोवेकर मिस शिकवायच्या, त्यांच्याकडे गेले. मी मोठ्या ऐटीत मूनलाइटची सुरुवात वाजवून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला एक अनोळखी आठ बारांचा तुकडा समोर ठेवला. मला तो वाचून वाजवता आला नाही. मिस हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, तुझी बोटं पाचवीत आहेत, डोळे अजून बालवाडीत. आधी डोळ्यांना शाळेत घालू."

पुढचे काही महिने दर आठवड्याला एक-दोन छोटे पीस. अर्ध्या पानाचे, पाऊण पानाचे. बसला की पुढचा. कुठलाच पीस दोन-तीन आठवड्यांपलीकडे रेंगाळला नाही. मला आधी अपमान वाटला, नंतर मजा वाटू लागली, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी नोटेशन उघडून, कोणाच्या बोटांकडे न बघता, संगीत वाजवत होते. आता मी स्वतः शिकवते. पीस निवडताना जे पाहते, ते इथे सांगते.

सर्वात आधी अवघड जागेची परीक्षा. पीस ठरवण्यापूर्वी पूर्ण नोटेशन चाळा आणि त्यातले सर्वात दाट, सर्वात काळे दिसणारे चार बार शोधा. स्वामित्वहक्क संपलेल्या रचनांची नोटेशन्स 'आयएमएसएलपी' या संग्रहात फुकट मिळतात, त्यामुळे पुस्तक विकत घेण्याआधीच हे करता येतं. ते चार बार आधी एकेक हातानं, मग दोन्ही हातांनी, हवं तितकं हळू वाजवा. आठवडाभरात ते हळू लयीतही न अडखळता येत नसतील, तर तो पीस आत्ता आपला नाही. पुढे होईल. शॉपँचं ए मेजरमधलं प्रिल्यूड, ओपस २८ मधलं सातवं, अवघ्या १६ बारांचं आहे. एका पानात संपतं, लय संथ. पण बाराव्या बारात उजव्या हातासमोर इतका रुंद कॉर्ड येतो, की लहान हातांना तो मोडून वाजवावा लागतो. पियानोवर एक ऑक्टेव्ह साधारण साडेसोळा सेंटिमीटरचा असतो. दहा वर्षांच्या मुलाचा हात तिथे ताणून पोचत असेल तर त्याच्या पलीकडचं मागू नये.

दुसरं, एका पीसमध्ये नवीन अडचण एक, फार तर दोन. अडचणी मोजक्याच प्रकारच्या असतात: वाचायला जड स्केल, दोन हातांची स्वतंत्र चाल, उड्या, रुंद पकड, वेग, पेडल, एकाच हातात दोन आवाज. आपल्याला यातलं काय येतं आणि पीस काय मागतो, हे दोन रकान्यांत लिहून पाहा. मूनलाइटनं माझ्याकडे यातल्या चार-पाच गोष्टी एकदम मागितल्या होत्या आणि मला एकही येत नव्हती. याउलट बुर्गम्युलरचे १८५१ सालचे, ओपस १०० मधले २५ सोपे अभ्यास पाहा. प्रत्येक तुकड्यात प्रश्न एकच. 'अराबेस्क' हा त्यातला दुसरा. त्यात पाच बोटांची चपळ झुळूक आधी उजव्या आणि मग डाव्या हाताला करायची असते, बाकी सगळं जवळजवळ जागच्या जागी. ऐकणाऱ्याला मात्र काहीतरी भारी चाललंय असं वाटतं. मुलांना हेच हवं असतं.

तिसरं, मोठ्या संगीतकारांनी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेलं खूप आहे. ते सोडून मोठ्यांसाठीचं मुलांना देऊ नये. बाखनं १७२० मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. तीत आधी बोटं कशी ठेवायची ते दाखवलं आहे, मग छोटे तुकडे, आणि पुढे त्याच्या प्रसिद्ध इन्व्हेन्शन्सची पहिली रूपं येतात. शुमाननं १८४८ मध्ये थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसासाठी काही तुकडे लिहायला घेतले आणि त्यातून ओपस ६८, 'आल्बम फॉर द यंग', हा ४३ तुकड्यांचा संग्रह झाला. चायकोव्स्कीनं १८७८ मध्ये तसाच २४ तुकड्यांचा संग्रह आपल्या भाच्याला अर्पण केला. बार्टोकच्या 'मिक्रोकोस्मोस'मध्ये १५३ तुकडे सहा भागांत चढत्या काठिण्यानं लावले आहेत आणि पहिले दोन भाग त्याच्या मुलाच्या, पीटरच्या, नावे आहेत. ही सगळी मंडळी मुलाचा हात आणि डोळा ओळखून लिहीत होती.

माझ्या विद्यार्थ्यांसाठी क्रम साधारण असा असतो: 'मिक्रोकोस्मोस'चा पहिला भाग, मग आना माग्दालेना बाखच्या १७२५ च्या वहीतले मिनुएट, ज्यातला सर्वात प्रसिद्ध, बाखचा म्हणून ओळखला गेलेला जी मेजरमधला मिनुएट खरं तर क्रिस्टियान पेत्सोल्ड या संगीतकाराचा आहे, मग शुमान आणि चायकोव्स्कीचे सोपे तुकडे, बुर्गम्युलर, क्लेमेंतीची सी मेजरमधली सोनाटिना, ओपस ३६ मधली पहिली, आणि त्यानंतर बाखची एखादी इन्व्हेन्शन. एवढं झालेल्या मुलाला 'फ्यूर एलिझे' पूर्ण दिली तर ती थोड्या आठवड्यांत नीट बसते. तोवर पहिली ओळ हौसेनं वाजवायला माझी हरकत नसते. फक्त तिला पीस म्हणायचं नाही आणि कार्यक्रमात ठेवायची नाही.

चौथं, नावावर जाऊ नका. शुमानच्याच 'किंडरसेनन'मधली १८३८ ची १३ चित्रं बालपणाची आहेत, पण मोठ्यांनी वाजवण्यासाठी. त्यातलं 'ट्रॉयमेराय' संथ आणि गोड आहे. वाजवायला बसा, म्हणजे चार आवाज एकाच वेळी सांभाळावे लागतात आणि डाव्या हाताला दूरदूरच्या पट्ट्या गाठाव्या लागतात हे कळेल. मोत्झार्टनं आपली सी मेजर सोनाटा, के. ५४५, स्वतःच्या यादीत २६ जून १७८८ या तारखेला 'नवशिक्यांसाठी' अशी नोंदवली आहे. त्याच्या काळचे नवशिके काय दर्जाचे होते कोण जाणे! त्या सोनाटात स्केल्स उघड्यावर धावतात, पेडलच्या आडोशाला जागा नाही, एक बोट अडखळलं तरी सगळ्यांना ऐकू जातं.

पाचवं, संथ म्हणजे सोपं नव्हे. सातीच्या १८८८ च्या पहिल्या 'जिम्नोपेदी'मध्ये डावा हात प्रत्येक बारात खालचा सूर घेऊन वरच्या कॉर्डकडे उडी मारतो. ती उडी आवाज न करता मारायची असते. मोठ्या वयात शिकणाऱ्यांची इथे विशेष फसगत होते. त्यांचे कान आयुष्यभर उत्तम संगीत ऐकून तयार असतात आणि हात मात्र आत्ता सुरुवात करत असतात. त्यांना मुलांच्या गाण्यांचा कंटाळा येतो, तो रास्तच आहे. अशांना मी बार्टोकचे 'फॉर चिल्ड्रन'मधले लोकगीतांवरचे तुकडे देते. नाव मुलांचं असलं तरी त्यातले सूर प्रौढ माणसालाही गुंतवून ठेवतात.

सहावं, परीक्षा. आपल्याकडे ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या दोन मंडळांच्या परीक्षा मुलं देतात, सुरुवातीच्या इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत. त्यांच्या याद्या निवडीला उपयोगी आहेत, कारण त्या जाणत्यांनी लावलेल्या असतात. एबीआरएसएमच्या याद्यांत चपळाईचे पीस, गायकीचे पीस आणि इतर शैलींचे पीस असे गट असतात. तिन्हींतून एकेक घ्यायचा म्हटलं की एकांगीपणा टळतो. पण एका ग्रेडचे सगळे पीस प्रत्येकाला सारखेच अवघड नसतात. लहान हाताच्या मुलानं ऑक्टेव्हचा पीस टाळावा, मनगट मोकळं असलेल्यानं तोच घ्यावा. आणि वर्षभर फक्त परीक्षेचे तीन पीस घोटणं हा माझ्या मूनलाइटचाच छोटा अवतार आहे. आता नुसते पीस वाजवून देण्याचीही परीक्षा आहे, तीत साइट रीडिंग नसतं. ज्या मुलाचं वाचन कच्चं आहे त्यानं पळवाट म्हणून ती निवडू नये. ते वाचन पुढच्या ग्रेडला व्याजासकट मागितलं जातं.

सातवं, एका वेळी तीन पातळ्यांवर काम ठेवा. एक पीस आपल्या पातळीच्या बराच खालचा, जो पहिल्या-दुसऱ्या दिवशीच वाचून वाजवता येईल. असे भरपूर असावेत, आठवड्याला नवा. दुसरा आपल्या पातळीचा, ज्याला सहा ते आठ आठवडे लागतील. तिसरा थोडा वरचा, हौसेचा, वर्षातून एखादाच, आणि कार्यक्रमासाठी कधीच नाही. कार्यक्रमात नेहमी खालच्या किंवा पातळीच्याच पीसची निवड करावी. लोकांसमोर हात थरथरतात, तेव्हा आपली पातळी एक पायरी खाली उतरतेच.

सोप्या करून लिहिलेल्या आवृत्त्यांबद्दलही विचारलं जातं. सिनेमाच्या गाण्याची सोपी मांडणी आनंदासाठी जरूर वाजवावी, घरात गाणी व्हावीत. पण शास्त्रोक्त रचनेची कापून छोटी केलेली आवृत्ती शिकलेल्या मुलाला पुढे मूळ रचना शिकताना जुनी बोटं विसरावी लागतात आणि ते नव्यानं शिकण्याहून कठीण असतं. त्यापेक्षा मुळातच सोपी लिहिलेली रचना बरी.

शेवटी दुखण्याबद्दल. पियानो वाजवताना दुखणं हा मेहनतीचा पुरावा नाही. शुमान तरुणपणी पियानोवादक होणार होता. विशीत असतानाच उजव्या हाताला इजा झाली आणि वादक म्हणून त्याची कारकीर्द संपली. बोटांची ताकद वाढवण्यासाठी त्यानं यांत्रिक साधन वापरलं होतं. इजा नेमकी कशानं झाली यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण पुढे मुलांसाठी इतके समजूतदार तुकडे त्याच माणसानं लिहिले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मूल एखाद्या पीसनंतर हात झटकत असेल, मनगट चोळत असेल, तर रियाजाची वेळ वाढवू नका. पीस बदला. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

पालकांना माझी विनंती आहे, की शिक्षकांना पीसचं नाव विचारू नका. यातली सर्वात अवघड जागा कोणती, त्यासाठी माझ्या मुलाची तयारी कशातून झाली आहे आणि या महिन्यात त्यानं स्वतः वाचून किती नवे तुकडे वाजवले, हे तीन प्रश्न विचारा. चांगल्या शिक्षकांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि शिक्षकांनी सोपा पीस दिला तर मुलाची प्रगती थांबली असं समजू नका. जे मूल वर्षात वीस छोटे पीस स्वतः वाचून पूर्ण वाजवतं, ते एक मोठा पीस अर्धा वाजवणाऱ्या मुलाच्या पुढे असतं.